टाकीतील शुद्धता आणि धुराड्यातील हिशेब

शीतकपाटातील दूध नासत नाही, मोटारीतील हवा वैशाखातही सुखद राहते आणि दमेकऱ्याच्या हातातील फवाऱ्यातून औषध नेमके फुप्फुसांत उतरते. ह्या तीनही सोयींमागे रसायनांचे जे एक घराणे उभे आहे, त्याचे नाव हायड्रोफ्लोरोकार्बन, संक्षेपाने एच.एफ.सी. हे वायू आपण रोज वापरतो. परंतु ते कसे तयार होतात, कसे शुद्ध केले जातात आणि त्या शुद्धीकरणातून जे वगळले जाते त्याचे पुढे काय होते, हा विचार सुशिक्षित नागरिकही सहसा करीत नाही. तो करण्याची वेळ आता आली आहे.

ह्या घराण्याचा जन्म एका प्रायश्चित्तातून झाला. जुने क्लोरोफ्लोरोकार्बन वायू पृथ्वीभोवतीचे ओझोनचे कवच विरळ करतात, असा इशारा मोलिना व रोलंड ह्या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला, आणि १९८७ च्या माँट्रिअल कराराने जगाने ते वायू सोडण्याचे ठरविले. त्यांची जागा एच.एफ.सी.ने घेतली. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोन सुरक्षित राहिला. परंतु उष्णता कोंडून ठेवण्याच्या बाबतीत हे औषधही जालीम निघाले. मोटारींत वापरला जाणारा एच.एफ.सी.-१३४ए हा वायू, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता कोंडतो. म्हणूनच २०१६ साली किगाली येथे ह्याही वायूंना आवर घालण्याचा निर्णय झाला. भारताने तो २०२१ साली मान्य केला असून, आपली कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जावयाची आहे. याचा अर्थ, हे कारखाने आणखी बरीच वर्षे चालणार आहेत.

ह्या उद्योगाचे मूळ फ्लुओरस्पार नावाच्या खनिजात आहे. त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली की हायड्रोजन फ्लोराइड मिळते. हा पदार्थ कातडीतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमवर घाला घालतो. २०१२ साली दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याची गळती झाली आणि पाच कामगार प्राणास मुकले. अशा ह्या दाहक द्रव्याचा ट्रायक्लोरोएथिलीनशी क्रोमियमयुक्त उत्प्रेरकाच्या सान्निध्यात दोन टप्प्यांत संयोग घडविला, की १३४ए तयार होतो.

परंतु तयार होतो म्हणजे शुद्ध होतो असे नव्हे. लोणी कढविल्यावर तुपाबरोबर बेरी उरते, तसे येथेही मुख्य वायूबरोबर अनेक उपपदार्थ निघतात. आम्ल पाण्याने व अल्कलीने धुऊन काढावे लागते, ओलावा शोषून घ्यावा लागतो आणि उंच मनोऱ्यांतून पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करावे लागते. शीतकरणाच्या वायूची शुद्धता ९९.५ टक्क्यांहून कमी चालत नाही. पाणी तर दशलक्ष भागांत दहा भागांहून अधिक असता कामा नये. काही उपपदार्थ मुख्य वायूला असे चिकटून राहतात की साध्या ऊर्ध्वपातनाने ते सुटत नाहीत. एच.एफ.सी.-१२५ मध्ये असा जो सोबती आढळतो तो सी.एफ.सी.-११५, म्हणजे ओझोनचा जुना वैरी! ज्याला हाकलण्यासाठी नवे घर बांधले, तोच माजघरात बसलेला.

आमचा मुद्दा येथूनच सुरू होतो. तुपाची बेरी मुले आनंदाने खातात. ह्या बेरीचे काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, २०१० ते २०२० ह्या काळात पाच बंदी असलेल्या सी.एफ.सी. वायूंचे वातावरणातील प्रमाण वाढत गेले, आणि त्यांपैकी तिघांचा संबंध एच.एफ.सी.च्या निर्मितीशी असावा. त्याहून गंभीर गोष्ट एच.एफ.सी.-२३ ची. एच.सी.एफ.सी.-२२ हा वायू बनविताना शंभर टनांमागे साधारण दीड ते चार टन हा उपपदार्थ निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या १४,८०० पट घातक असून हवेत दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकतो. त्याला उच्च तापमानाच्या भट्टीत जाळून नष्ट करता येते. उपाय ठाऊक आहे; उणीव आहे ती इच्छेची आणि देखरेखीची.

एकेकाळी हे जाळण्याबद्दल कारखान्यांना आंतरराष्ट्रीय योजनेतून कार्बनचे श्रेयांक विकत देता येत. त्यातून मिळणारी रक्कम काही ठिकाणी मूळ मालाच्या उत्पन्नाहून मोठी झाली, आणि श्रेयांकांसाठीच उपपदार्थ वाढविला जात असल्याचा संशय बळावला. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर युरोपीय संघाने मे २०१३ पासून आपल्या बाजारात हे श्रेयांक बंद केले. भारत सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखान्यांनी हा वायू स्वखर्चाने नष्ट करावा असा आदेश दिला, तो सर्वथा उचित होता. परंतु २०२० साली शास्त्रज्ञांनी हवेचीच झडती घेतली, तेव्हा २०१८ मध्ये जगभर १५,९०० टन एच.एफ.सी.-२३ सुटल्याचे, म्हणजे आजवरचा तोवरचा उच्चांक झाल्याचे आढळले. कागदावरील कपात खरी असती तर तो आकडा कितीतरी लहान असावयास हवा होता. भारताने आपला आदेश कितपत अमलात आणला, हे अधिक मोजमापावाचून सांगता येत नाही, असेही त्यांनी नमूद केले.

हे वाक्य आपल्याला झोंबले पाहिजे. आपण दोषी ठरलेलो नाही, हे खरे; पण निर्दोष असल्याचा पुरावाही आपण जगासमोर ठेवलेला नाही. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कारखान्यात किती उपपदार्थ निघाला, किती जाळला आणि भट्टी किती दिवस बंद होती, ही नोंद दरवर्षी जनतेसाठी प्रसिद्ध व्हावी, आणि वातावरणाचे स्वतंत्र मोजमाप आपल्या देशातच उभे राहावे. एच.सी.एफ.सी.-२२ शीतकरणातून गेला तरी न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपासाठी लागणारा कच्चा माल म्हणून तो बनतच राहील. म्हणून हा प्रश्न आपोआप मिटणारा नाही.

टाकीतील ओलावा दशलक्षांशापर्यंत मोजणाऱ्या उद्योगाला धुराड्यातून काय जाते हे मोजणे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. ग्राहकाच्या मालाला जी कसोटी, तीच सर्वांच्या हवेला लावावी, एवढेच आमचे मागणे आहे.