सोळाव्या पटावरचा गुण

आपल्या घरांतून बुद्धिबळाविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें एकाच छपराखालीं सुखानें नांदत असतात. जेवणानंतर वडील मंडळी ओटीवर पट मांडून बसली, तर तें बुद्धीचें लक्षण. आणि तोच पट शाळकरी मुलानें परीक्षेच्या महिन्यांत मांडला, तर तें बुद्धिनाशाचें लक्षण! आम्हीं स्वतः चौतीस वर्षें शिक्षकाचा पेशा केला, आणि दुसरें मत वर्गांत किती कठोरपणें अंमलांत आणलें, तें पुढें सांगावयाचेंच आहे. परंतु गेल्या हिवाळ्यांत आमच्या चिरंजीवांकडे इंग्लंडांत कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां तेथील परगण्या-परगण्यांचे बुद्धिबळाचे सामने जवळून पाहावयास मिळाले, आणि या मतांचा आम्हांस पुन्हा एकदां विचार करावा लागला. तो विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

इंग्लंडांत ज्यास ‘कौंटी’ म्हणतात, तो आपल्याकडील जिल्ह्यासारखाच मुलखाचा विभाग होय. आम्ही त्यास परगणा म्हणूं. प्रत्येक परगण्यांतील गांवोगांवच्या बुद्धिबळ-मंडळांतून खेळाडू निवडून संघ तयार होतो. अशा परगण्यांचे उत्तर, मध्य, दक्षिण, पश्चिम आणि पूर्व आंग्लिया असे पांच गट आहेत. प्रथम गटांतल्या गटांत सामने होतात, व त्यांतून वर आलेले संघ अखिल इंग्लंडच्या अजिंक्यपदासाठीं लढतात. ही व्यवस्था फार जुनी आहे. दक्षिणेकडील परगण्यांचा संघ १८९२ सालीं स्थापन झाला, आणि ब्रिटिश चेस फेडरेशन ही देशव्यापी संस्था १९०४ सालीं निघाली. तीच पुढें इंग्लिश चेस फेडरेशन झाली. सरकारी नकाशे बदलले, तरी बुद्धिबळाचे नकाशे बदलले नाहींत, ही मौजेची गोष्ट. मिडलसेक्स हा परगणा १९६५ सालीं लंडनच्या कारभारांत विलीन झाला. तरी पटावर मिडलसेक्सचा संघ आपल्या नांवानें उतरतोच. यॉर्कशायर आणि लँकाशायर यांचें पांढऱ्या व तांबड्या गुलाबाचें जुनें वैर तर आतां केवळ क्रिकेटच्या मैदानावर आणि बुद्धिबळाच्या पटावरच उरलें आहे म्हणावयास हरकत नाहीं.

खुल्या विभागांत एका बाजूस सोळा खेळाडू असतात. सर्वांत प्रबळ तो पहिल्या पटावर, त्याच्या खालोखालचा दुसऱ्यावर, याप्रमाणें सोळाव्यापर्यंत क्रम लागतो. एका पटावर पांढरीं मोहरीं, तर शेजारच्या पटावर काळीं. जिंकल्यास एक गुण, बरोबरी झाल्यास अर्धा. साडेआठ गुण झाले कीं सामना जिंकला. याखेरीज ज्यांचें कौशल्य मध्यम, त्यांच्यासाठीं गुणांकाची मर्यादा घातलेले वेगळे विभाग आहेत. हा गुणांक २०२० सालापर्यंत तीन आंकडी असे, आतां चार आंकडी असतो; परंतु आंकडे कितीही असोत, लहान मुलांच्या बाबतींत तो नेहमींच मागें पडलेला असतो. कारण मूल महिन्याभरांत वाढतें, आणि आंकडा त्याच्या मागून धांवत असतो! म्हणूनच समोर दहा वर्षांची पोर येऊन बसली, कीं सत्तरीचे अनुभवी गृहस्थ चष्मा पुसून नीट सांवरून बसतात, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें.

या सर्व व्यवहारांत पैशाचा लाभ कोणासच नाहीं. सामना बहुधा शनिवारीं दुपारीं, एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या दिवाणखान्यांत. खेळाडू आपल्या गाडीनें किंवा रेल्वेनें येतो, आणि चहाबरोबर खावयाचें घरूनच बांधून आणतो. सर्वांत कष्टाचें काम कप्तानाचें. आठवडाभर तो लोकांना विनवीत असतो. कोणाच्या घरीं लग्न, कोणास पडसें, कोणाची परीक्षा. सोळावा माणूस मिळाला नाहीं, तर त्या पटावरचा गुण न खेळतांच प्रतिपक्षाच्या पदरांत पडतो. आमच्या नातवाच्या संघाचे कप्तान टपाल खात्यांतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या हातांतली नांवांची यादी पाहून आम्हांस आपल्याकडील लग्नघरच्या यजमानाची आठवण झाली.

येथें कोणी म्हणेल, हौशी लोकांचा हा खेळ. त्यांतून निष्पन्न काय होतें? उत्तर त्या देशाच्या इतिहासांतच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचें काम ब्लेचली पार्क येथें चाले. तेथें ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोंबेक हे तीन नामांकित बुद्धिबळपटु त्या कामांत होते. १९३९ सालीं युद्ध पुकारलें गेलें, तेव्हां हे तिघेही इंग्लंडच्या संघांतून ब्वेनोस आयर्स येथें खेळत होते. पुढील काळांत जोनाथन पेनरोज यांनीं ब्रिटिश अजिंक्यपद दहा वेळां मिळविलें, आणि १९६० सालीं लाइप्झिग येथें त्या वेळचा जगज्जेता ताल यासही हरविलें. पण त्यांचा चरितार्थ अध्यापनावर चाले, खेळावर नव्हे.

तरुण खेळाडूंची परंपराही तेथें खंडित झालेली नाहीं. नायजेल शॉर्ट हा मुलगा १९७७ सालीं बाराव्या वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत उतरला. कॉर्नवॉलचा मायकेल अ‍ॅडम्स १९८९ सालीं सतराव्या वर्षीं ब्रिटिश विजेता झाला. अलीकडे या नामावळींत आपल्या देशांतून गेलेल्या कुटुंबांचीं मुलेंही दिसूं लागलीं आहेत. बंगलोर येथें जन्मलेला श्रेयस रॉयल २०२४ सालीं पंधराव्या वर्षीं ग्रँडमास्टर झाला, आणि त्या देशांतील सर्वांत लहान वयाचा ग्रँडमास्टर ठरला. त्याच वर्षीं बोधना शिवनंदन ही अवघ्या नऊ वर्षांची मुलगी इंग्लंडच्या स्त्रियांच्या संघांतून बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्यें खेळली. २०२३ च्या ऑगस्टांत तेथील सरकारनें बुद्धिबळाच्या प्रसारासाठीं सुमारें दहा लक्ष पौंडांची योजना जाहीर केली, तींत सार्वजनिक उद्यानांतून शंभर पट मांडण्याचीही तरतूद होती.

हें वाचून आपल्या मनांत न्यूनभाव येण्याचें मात्र कारण नाहीं. ज्या खेळास आपण चतुरंग म्हणतों, त्याचा उल्लेख सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या हर्षचरितांत आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८१४ सालीं मुंबईंत प्रसिद्ध झालें. पंजाबचा मीर सुलतान खान हा जुन्या हिंदी पद्धतीनें खेळ शिकलेला मनुष्य. त्यानें १९२९, १९३२ व १९३३ असें तीन वेळां ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविलें. आणि २००३ सालीं तेंच पद आपल्या पुण्याच्या अभिजित कुंटे यांनीं मिळविलें. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं आयुष्य वेंचून या खेळाची पेठ वसविली. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री व रोहिणी, यांनीं राष्ट्रीय अजिंक्यपदें घरांतल्या घरांत फिरतीं ठेवलीं. त्यांपैकीं रोहिणी १९७६ सालीं तेराव्या वर्षीं पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या. बुद्धि आपल्याकडे कमी नाहीं. कमी आहे ती सोळा जणांची ओळ.

आतां आम्हीं पाहिलेल्या त्या शनिवाराकडे वळतों. आमचा नातू तेरा वर्षांचा. मर्यादित गुणांकाच्या संघांत त्यास सोळाव्या, म्हणजे शेवटच्या पटावर बसविलें होतें. समोर पंचाहत्तरीच्या घरांतले एक गृहस्थ होते. तीन तासांनंतर पंधरा पट उठले, आणि दोन्ही बाजूंचे गुण साडेसात-साडेसात असे झाले. दिवाणखान्यांत एकच डाव उरला. सर्व मंडळी हळूहळू त्या पटाभोंवतीं जमलीं. प्रत्येकीं एक हत्ती, कांहीं प्यादीं. त्यांत नातवाचें एक प्यादें अधिक. म्हाताऱ्या गृहस्थांनीं शांतपणें बरोबरी सुचविली. ती घेतली असती, तर सामना आठ-आठ असा बरोबरींत सुटता. अशा वेळीं बरोबरी घ्यावी कीं न घ्यावी, एवढें कप्तानास विचारण्याची खेळाडूस मोकळीक असते. नातवानें विचारलें नाहीं. मान हलवून नकार दिला. पुढें घड्याळांतला वेळ संपत आला, हात घाईस आला, अधिकाचें प्यादें गेलें, त्यामागून दुसरें गेलें, आणि डावही गेला. सामना साडेआठ-साडेसात असा हरला.

मुलगा कोट घेण्याच्या निमित्तानें बाहेरच्या खोलींत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आम्हांस वाटलें, आतां कप्तान त्यास बोलणार. ते आले खरे, पण केवळ एवढेंच म्हणाले कीं, पुढच्या वेळीं विचारीत जा. आणि कपबशा आंवरावयास निघून गेले. ते प्रतिपक्षाचे वृद्ध गृहस्थ मात्र त्याच्यापाशीं आले, त्यास पुन्हा पटाकडे घेऊन गेले, आणि तो कोठें जिंकूं शकला असता, हें त्यांनीं स्वतः मोहरीं मांडून अर्धा तास त्यास दाखविलें. जिंकलेल्यानें हरलेल्यास जिंकण्याची वाट दाखवावी, असा पाठ आम्हीं चौतीस वर्षांत एकदांही दिला नव्हता.

घरीं आल्यावर खरा सामना सुरू झाला. चिरंजीव संतापले होते. “अण्णा, तुम्हींच आतां निकाल द्या. याचे शनिवार हे असे जातात, गणितांत गुण उतरले आहेत, आणि वर सर्वांचा सामना घालवून आला!” सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, परंतु आमच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. आमचा लौकिक कडक शिक्षकाचा. निकाल काय लागणार, हें जणूं ठरलेलेंच होतें.

त्या क्षणीं आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतली. एका विद्यार्थ्याच्या दप्तरांत वहीच्या पुठ्ठ्यावर शाईनें आंखलेला पट सांपडला, आणि टाकून दिलेल्या खडूच्या तुकड्यांतून टांचणीनें कोरलेलीं बत्तीस मोहरीं. घोड्याची आयाळसुद्धां कोरलेली होती. आम्हीं तो पट सर्व वर्गासमोर फाडला, व खडू पायाखालीं चुरडले. मुलगा गरीब घरचा होता. पुन्हा त्यानें असलें कांहीं केलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं एका लग्नांत तो भेटला. कोठेंसा कारकून होता. वाकून नमस्कार करून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही वेळींच आवरलेंत म्हणून नोकरीस लागलों.” तें ऐकून आम्हांस समाधान वाटावयास हवें होतें, तें वाटलें नाहीं. ती आयाळ कोरणारा हात आम्हांस दिसत राहिला.

आम्हीं चिरंजिवांस ही हकीकत सांगितली. घरांत ती पूर्वीं कोणासच ठाऊक नव्हती. नंतर निकाल दिला: शनिवार खेळाचा, तो कोणीं हिरावूं नये, रोज संध्याकाळचा एक तास गणिताचा, तो नातवानें हिरावूं नये, आणि त्या तासास आम्ही स्वतः शेजारीं बसूं. चिरंजिवांनीं थोडा वेळ विचार करून मान्य केलें. सामना घालविल्याचा आरोप मात्र आम्हीं मान्य केला नाहीं. इतर पंधरा पटांवरही साडेसात गुण गेलेलेच होते. पहिल्या पटावरच्या निष्णाताचा गुण आणि सोळाव्यावरच्या पोराचा गुण यांचें वजन एकच. जिंकतांना एक, तर हरतांनाही एकच.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें तत्त्व नवें नाहीं. घरांत कर्त्या पुरुषाची मिळकत मोठी खरी. परंतु कार्याच्या दिवशीं पाणी वाढणारें लहान पोर नसेल, तर पंगत उठत नाहीं. आपल्याकडे मुलगा हुशार दिसला, कीं त्यास एकट्यास स्पर्धेस पाठवितात; तो जिंकला तर कौतुक, हरला तर पट माळ्यावर. त्याऐवजीं दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत दोन शेजारच्या गांवांनीं, निदान दोन शाळांनीं, सोळा-सोळा पट मांडून पाहावे. त्यांत निवृत्त आजोबा असावे, कॉलेजांतली मुलगी असावी, दुकानदार असावा आणि शेवटच्या पटावर एखादें तेरा वर्षांचें पोर असावें. खर्च चहापाण्याचा.

पुढच्या सामन्याची यादी आली, तींत नातवाचें नांव होतें, सोळाव्याच पटावर. त्या दिवशीं आम्ही डबा घेऊन बरोबर गेलों. यावेळीं बरोबरीची सूचना येतांच तो उठला, कप्तानांपाशीं गेला, परत आला व त्यानें हात पुढें केला. संघ त्याही दिवशीं हरला. परंतु कप्तानांनीं कागदावर सोळाव्या ओळींत अर्धा गुण लिहिला, आणि त्याखालीं बेरीज मांडली, तेव्हां तो अर्धा गुण तींत होता.