गिअरबॉक्स उघडण्याआधीचा हिशेब

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटलं की दहा चाकांचं धूड डोळ्यांपुढे आणायचं कारण नाही. तिथे ट्रक म्हणजे पिकअप: पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि सुतारापासून शेतकऱ्यापर्यंत कोणाच्याही दारात उभा. ‘गॅरेज’ हा शब्दही तिथे बहुतेक वेळा घराला लागून असलेल्या गाडीच्या खोलीसाठी वापरतात. अशा खोलीत, सिमेंटच्या कोब्यावर, शेवरोले सिल्व्हराडोसारख्या पंधरा-वीस वर्षं जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून बसणारे हौशी बरेच आहेत. दुकानात हे काम करून घ्यायचं तर दोन ते चार हजार डॉलर सहज जातात. क्लच प्लेटा, सील आणि पॅकिंग यांचा संच दोन-तीनशे डॉलरांत मिळतो. मधल्या रकमेत मजुरी असते, तशी दुकानाची हमीही असते. मजुरी वाचवता येते, यात शंका नाही. पण घरी बांधलेला गिअरबॉक्स दोन महिन्यांत पुन्हा का बसतो, याचं उत्तर जोडणाऱ्याच्या हातापेक्षा त्याच्या घाईत जास्त सापडतं. जळालेलं बदललं, पण जळालं कशानं, हे विचारायचं राहून गेलं.

हे समजायला आतली रचना थोडी पाहावी लागेल. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं 1982 च्या मॉडेलांपासून 700आर4 नावाचा चार गतींचा गिअरबॉक्स आणला; पुढे त्याचंच नाव 4एल60 झालं आणि 1993 पासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला 4एल60ई आला. पहिल्या गिअरचं प्रमाण 3.06, चौथ्याचं 0.70. आपल्याकडच्या स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ गाड्यांत पुष्कळदा साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायचं काम तेवढं यंत्र करतं. हे प्रकरण त्यातलं नव्हे. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलानं भरलेला बंद डबा असतो. गिअर एकमेकांतून कधीच सुटत नाहीत. कुठलं चक्र फिरवायचं आणि कुठलं धरून ठेवायचं, एवढंच बदलतं. हे धरणं-सोडणं करतात कागदासारख्या अस्तराच्या क्लच प्लेटा, आणि त्यांना दाबतं ते पंपानं ढकललेलं लाल तेल. तेच तेल वंगण घालतं, उष्णता वाहून नेतं, आणि कन्व्हर्टरमध्ये ताकदही पोचवतं. (1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. मोटारीचा गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रातला जीव मारला जात होता, हे आज खरं वाटत नाही.) म्हणजे या यंत्रात दाब हा सगळ्याचा प्राण. प्लेट जळते तेव्हा तिच्यावर पुरेसा दाब पोचलेला नसतो, एवढं आधी गृहीत धरावं.

या गिअरबॉक्सचं ठरलेलं दुखणं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच. दुसऱ्यापर्यंत गाडी ठीक चालते, तिसरा पडायच्या वेळी इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. खोलून पाहिलं की त्या प्लेटा कोळशासारख्या काळ्या, अस्तर नखानं खरवडलं तर सुटून येणारं. हौशी माणूस नव्या प्लेटा घालतो आणि बॉक्स बंद करतो. पण बॉक्सच्या मुख्य कवचात, सर्व्हो नावाच्या पिस्टनच्या भोकाच्या आत, बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी एक नळी ठोकून बसवलेली असते आणि तिच्यात एक गोळी असते. ही गोळी नीट बसेनाशी झाली की त्या क्लचकडे जाणारं तेल तिथून निसटतं. नळीत थोडं पातळ द्रावण ओतायचं आणि कवचाच्या आतल्या बाजूला झिरपतं का ते पाहायचं. पाच मिनिटांची तपासणी. नळीची किंमत संपूर्ण संचापुढे किरकोळ आहे. ती तपासली नाही, तर नव्या प्लेटाही जुन्यांच्याच वाटेनं जाणार. तसंच क्लचच्या पिस्टनच्या सीलचं. रबराची पातळ कड बसवताना दुमडली, तर बाहेरून काही दिसत नाही. म्हणून क्लचचा ड्रम बंद केल्यावर तेलाच्या भोकातून बेतानं हवा सोडून पाहायची. पिस्टन ‘ठप्प’ करून बसला तर बरं, नुसतीच फुसफुस आली तर पुन्हा खोला.

जुन्या 700आर4 मध्ये तेलाचा हा दाब अॅक्सिलरेटरला जोडलेली एक केबल ठरवते. कोणी हौसेनं दुसरा कार्ब्युरेटर बसवला आणि केबलचा ताण चुकला, तर सुदृढ गिअरबॉक्सही थोड्याच प्रवासात जळतो. दोष बाहेर, शिक्षा आतल्यांना. उलट काही बिघाड न खोलताच ओळखू येतात. पहिला आणि तिसरा पडतो, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले, तर ‘सन शेल’ नावाचं पत्र्याचं कवच फाटलं असं जवळजवळ खात्रीनं म्हणता येतं, कारण या तिन्ही गिअरांचा भार त्याच्यावरच असतो. तिथे कारखान्यातल्यासारखाच भाग पुन्हा घालण्याऐवजी जास्त कडक केलेला घ्यावा. पैसे इथे खर्चावेत. आणि कन्व्हर्टरवर खर्चावेत. तो वेल्ड केलेला असतो, घरी उघडत नाही, आणि जळालेल्या प्लेटांचा सगळा भुगा त्याच्या पोटात जाऊन बसतो. जुना कन्व्हर्टर पुन्हा लावणं म्हणजे धुतलेल्या भांड्यात कालचं पाणी ओतणं. रेडिएटरमधल्या कूलरच्या नळ्याही याच कारणासाठी धुवाव्या लागतात.

यावर पहिला आक्षेप हत्यारांचा असतो, आणि तो निम्मा खरा आहे. स्प्रिंग दाबायचं साधन आटे पाडलेली सळई आणि दोन पट्ट्या यांतून बनतं. गोळ्या आणि वॉशर जागेवर धरायला साधी पेट्रोलियम जेली पुरते, ती तेलात विरघळून जाते. चाकाचं ग्रीस मात्र चालत नाही, ते बारीक वाटा बुजवतं. फीलर गेज, दाबाचा मीटर आणि छापील दुरुस्ती-पुस्तिका एवढं विकत घ्यावंच. पण वॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे तेलाच्या वाटा वळवणाऱ्या ठोकळ्यातल्या, अॅल्युमिनियमच्या भोकाला झीज आली असेल, तर ते भोक रुंद करायचं खास हत्यार एका कामासाठी घेणं परवडत नाही. तिथे दुरुस्त केलेली वॉल्व्ह बॉडी आणावी. तो पराभव नव्हे. आणि पंधरवडाभर हवेत धरलेल्या गाडीखाली शिरताना स्टँड स्वस्तातला नको. बॉक्सचं वजन 70 किलोच्या आसपास असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भंगारातून वापरलेला बॉक्स आणून का बसवू नये? बॉक्सचं मुख्य कवचच तडकलं असेल तर आणावाच. एरवी त्या बॉक्सलाही तीच नळी, तेच सन शेल, तेवढंच वय. तो कुणी कसा चालवला हे कळायला मार्ग नाही. निदान त्याचा तेलाचा चेंबर काढून आतलं चुंबक पाहावं. त्यावर करडा मऊ लेप असणं स्वाभाविक आहे, धातूचे कपटे मात्र नकोत. हमीबद्दल म्हणाल, तर ज्याचं पोट त्याच पिकअपवर आहे आणि ज्याच्या गावाला बस नाही, त्यानं दुकानातच जावं. गाडी महिनाभर ठोकळ्यावर राहिली तर वाचलेली मजुरी बुडालेल्या रोजगारात जाते. 2006 पासून आलेल्या सहा गतींच्या 6एल80 सारख्या बॉक्समध्ये तर नियंत्रणाचा संगणकच तेलाच्या चेंबरमध्ये बसवलेला असतो आणि तो बदलला की नव्यानं प्रोग्रॅम करावा लागतो. घरच्या गॅरेजातली ही काटकसर जुन्या, चार गतींच्या पिढीपुरतीच शोभते.

सगळं नीट जमल्यावरही शेवटच्या तासात घात होतो. कन्व्हर्टर बॉक्सच्या दांड्यावर चढवताना तो हलके फिरवत आत ढकलायचा असतो. एकेक खाच सापडली की तो ‘खट’ करून थोडा आत जातो, आणि शेवटची खाच पंपाची असते. दोनच खटक्यांवर समाधान मानून बॉक्स इंजिनाला भिडवला, तर मध्ये बोटभर फट राहते. ती फट बोल्ट आवळून मिटवायचा मोह होतो. बॉक्स हातानं ढकलून इंजिनाला टेकला पाहिजे, आणि टेकल्यावर कन्व्हर्टर पुढे-मागे तीन-चार मिलिमीटर हलला पाहिजे. हलत नसेल, तर पाना खाली ठेवून बॉक्स पुन्हा उतरवायचा. बोल्ट आवळले, तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच पंप फुटलेला असतो.