ओपन सोर्सशी ओळख (भाग ९) : खोडायच्या ओळी

पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची ते मागच्या भागात पाहिले. पण कोड लिहिता येत नसेल तर पाठवायचे काय? माझे उत्तर एकच : डॉक्युमेंटेशनमधली शिळी ओळ शोधा आणि काढून टाका.

जुन्या रीडमींत 'गिट क्लोन' या आज्ञेपुढचा पत्ता 'गिट://'ने सुरू होतो. या मार्गाने येणारा मजकूर कूटबद्ध नसतो आणि समोरचा सर्व्हर खरा आहे का, याची खातरजमाही होत नाही. म्हणून गिटहबने १५ मार्च २०२२ रोजी तो कायमचा बंद केला. त्या जागी 'एचटीटीपीएस://' लिहिले की काम होते. पण जिथे ते लिहायचे राहून गेले आहे, तिथे नवखी विद्यार्थिनी ती ओळ टर्मिनलवर चिकटवते, एंटर दाबते आणि लुकलुकणाऱ्या कर्सरकडे बघत बसते. शेवटी एरर येतो. मुरलेल्या माणसाला पत्ता जुना आहे हे लगेच कळते. तिला मात्र वाटते, आपलेच काहीतरी चुकले. ती पुन्हा टाइप करते, नेट तपासते आणि खिडकी बंद करते. शिळ्या ओळीचा भुर्दंड असा सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसाला बसतो, आणि मला हे फार लागते.

'पायथन-पिप' (पायथन २ साठीचे पॅकेज) इन्स्टॉल करा, ही ओळही त्यातलीच. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला; उबुंटू २०.०४ मध्ये त्या नावाचे पॅकेजच उरले नाही.

याहून फसव्या ओळी म्हणजे वरवर जिवंत दिसणाऱ्या. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट नेटवर्कच्या ताब्यावरून वाद झाला. तिथल्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट सुरू केले आणि अनेक प्रकल्प त्यांच्यामागोमाग गेले. 'मदतीसाठी फ्रीनोडवर या' ही ओळ तशीच राहिली, तर वाचक रिकाम्या खोलीत प्रश्न विचारत बसतो. डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या स्फिंक्समधले 'लिंकचेक' तुटलेला दुवा दाखवते. पण घर उघडे आहे आणि माणसे उठून गेली आहेत, हे त्याला उमगत नाही. तिथे डोळ्यांनीच वाचावे लागते.

असे जुने पत्ते आणि नावे शोधायला 'गिट ग्रेप' पुरते. सापडलेली प्रत्येक जागा मात्र उघडून वाचा, सरसकट बदलू नका. चेंजलॉगमधली पायथन २ ची नोंद हा इतिहास आहे, त्याला हात लावू नका. एखादी ओळ आताच्या रूपात कोणत्या कमिटमध्ये, कधी आली ते 'गिट ब्लेम' सांगते. का आली, हे बहुधा त्या कमिटच्या संदेशात सापडते. आपल्या कमिटमध्येही काय काढले आणि ते कधीपासून निरुपयोगी होते, हे लिहा.

मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तर हे आधी करावे. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या प्रणालीत मूळ ओळ जराशी बदलली, तरी जुने भाषांतर 'फझी' ठरू शकते आणि कोणी तपासेपर्यंत वाचकाला मूळ इंग्रजीच दिसते. शिळ्या ओळीवर घालवलेली संध्याकाळ अशी वाया जाते.

या आठवड्यात रोजच्या वापरातल्या एका प्रोग्रामचे इन्स्टॉलेशनचे पान उघडा आणि त्यातली प्रत्येक आज्ञा कोऱ्या मशीनवर क्रमाने चालवून बघा. जिथे अडाल ती ओळ टिपून ठेवा. पुढच्या भागात तिच्यापासूनच सुरुवात करू.