फूल नको, फुलाचा ठसा पाठवा
हातची कला : भाग ५

मागच्या भागात पोस्टकार्डासाठी कागद कसा निवडायचा ते पाहिले. जाड कार्डशीट सरकारी कार्डाच्याच मापाने, म्हणजे १४ बाय ९ सेंटिमीटर कापून ठेवली असेल, तर आता छपाईला लागू.

कार्डावर वाळलेले फूल चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. पण १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले तेव्हापासून पोस्टकार्ड लिफाफ्याविना, उघडेच प्रवास करते. शिक्क्याचा दणका आणि गठ्ठ्यातली घासाघीस सोसताना पाकळ्यांचा चुरा होतो. ठसा टिकतो, ॲक्रिलिक रंग पक्का वाळला की पाण्यानेही जात नाही. शिरूर अनंतपाळच्या शिवारातली पाने-फुले सोयऱ्यांना पाठवायची, तर ती छापूनच पाठवावीत.

गादी
२८ ग्रॅम जिलेटिन १२० मिलिलिटर ग्लिसरीनमध्ये गुठळ्या मोडून कालवा. त्यात तेवढेच उकळते पाणी घालून फेस न आणता ढवळा आणि सपाट तळाच्या डब्यात ओता. वर आलेले बुडबुडे कागदाच्या पट्टीने ओढून घ्या. घट्ट झाले की लवचीक गादी सुटून येते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते; ज्यांना ते चालत नाही त्यांनी कृत्रिम पदार्थाची तयार जेल प्लेट घ्यावी. आपल्या उन्हाळ्यात घरची गादी मऊ पडते, म्हणून ती फ्रीजमध्ये ठेवा. चिरली तर मंद आचेवर वितळवून पुन्हा ओतता येते.

ठसा
तुरीची फुलोऱ्यातली डहाळी, सोयाबीनचे पान, कडुलिंबाचा शेंडा रात्रभर जाड वहीत दाबून ठेवा. झेंडू जाड असतो, त्याच्या पाकळ्या सुट्या करा. गाजरगवताची नक्षी कितीही सुरेख दिसली तरी ते घेऊ नका. त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

गादीवर रंगाचा थेंब टाकून रोलरने अगदी पातळ पसरा. पान शिरांची बाजू खाली करून ठेवा, वर रद्दीचा कागद ठेवून तळहाताने दाबा. कागद उचलला की भोवतालचा रंग त्याला लागतो आणि पानाची नुसती मोकळी आकृती उरते. नवखा माणूस इथेच थांबतो. खरे काम पुढे आहे. पान चिमटीने हलकेच उचला. त्याच्याखाली झाकलेला रंग अजून गादीवरच असतो आणि मऊ गादीवर दाबल्या गेलेल्या शिरांनी त्यात आपली जाळी कोरलेली असते. आता पोस्टकार्ड दाबा. शीर न् शीर उमटते. आपल्या कोरड्या हवेत रंग भराभर सुकतो, म्हणून हात चपळ हवा. सुकलाच, तर त्यावर दुसऱ्या, फिकट रंगाचा पातळ थर देऊन कार्ड दाबा. ओला थर सुकलेल्याला सोबत घेऊन येतो.

मोकळ्या कोपऱ्यात फुले हवीत? भेंडी आडवी कापा, चीक फडक्याने टिपा, रंगात टेकवून कार्डावर दाबा. बियांच्या कप्प्यांच्या पाकळ्या होतात. देठाकडचा ठसा मोठा, टोकाकडचा लहान, म्हणजे एकाच भेंडीत फूलही मिळते आणि कळीही.

पत्ता
कार्ड रात्रभर वाळू द्या. मागच्या कोऱ्या बाजूला डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता आणि वर तिकीट. घरी केलेल्या कार्डाला किती रुपयांचे तिकीट लागते, ते खिडकीवर विचारून घ्या.

पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना नुसते ‘शिरूर’ लिहू नका. पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार, आणि आपल्याच लातूर जिल्ह्यात शिरूर ताजबंद. सारख्या नावांच्या अशाच घोटाळ्यांवर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिनकोडची पद्धत आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. तेव्हा मु. पो., तालुका, जिल्हा आणि पिन, सारे सुवाच्य लिहा. उत्तराचे कार्ड त्याच पत्त्यावर यायचे आहे.

पुढील भागात : पळसाच्या फुलांपासून घरचा रंग