आतला कोपरा गोल का राहतो?

मंडळी, मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या ‘टेक्ने’ या संकल्पनेपाशी थांबलो होतो. टेक्ने म्हणजे नुसता हाताचा सराव नव्हे; काय करायचे आणि ते तसेच का करायचे, हे सांगता येण्याजोगे ज्ञान. त्यावर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली: “सर, आता सीएनसी राउटर देव्हाऱ्याची जाळी तासाभरात कोरून देतो. मग टेक्ने कुणाकडे आहे, सुताराकडे की यंत्राकडे?” प्रश्न चांगला आहे. पण उत्तराआधी ते यंत्र काय करते, हे नीट पाहायला हवे. तत्त्वज्ञानाची माणसे यंत्राचे नाव काढतात आणि यंत्राजवळ मात्र जात नाहीत, ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे.

राउटर म्हणजे अतिशय वेगाने फिरणारे एक पाते. ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकते. किती सरकायचे, हे आकड्यांनी ठरते. यंत्राला मिळणारा मजकूर अगदी कोरडा असतो. जी०० म्हणजे लाकडाला न लागता झटकन तिकडे जा. जी०१ म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जा. जी०२ आणि जी०३ म्हणजे कमानीत वळा, पहिला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, दुसरा उलट. बस्स. त्या मजकुरात ‘कमळ’ हा शब्द कुठेच नसतो बरं का! कमळाची पाकळी म्हणजे यंत्राच्या लेखी काही शे छोट्या सरळ रेषा आणि कमानी.

ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हा उद्योजक हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याच्या वक्राचा साचा अचूक हवा होता. त्याने आणि फ्रँक स्ट्यूलेन या अभियंत्याने पंचकार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्राकडून वक्रावरचे दोनशे बिंदू काढून घेतले. मग कारखान्यात एक जण आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोघे जण यंत्राची चाके फिरवायचे, एक आडव्या दिशेचे, एक उभ्या दिशेचे. गंमत बघा, संगणकाने चालणाऱ्या यंत्राचा पहिला अवतार म्हणजे तीन माणसे! पुढे अमेरिकेच्या हवाई दलाच्या पैशावर एमआयटीमध्ये काम झाले आणि १९५२ साली छिद्रांच्या फितीवरून हुकूम घेणारे मिलिंग यंत्र लोकांसमोर चालवून दाखवले गेले.

पण त्याच काळात दुसरी एक वाटही उपलब्ध होती. कुशल कारागिराने यंत्र हाताने चालवायचे, त्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या, आणि मग यंत्राने त्याच पुन्हा पुन्हा करायच्या. म्हणजे फितीवर कारागिराचा हात असायचा. ही वाट मागे पडली. का? डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात असे मांडले आहे की यामागे फक्त तांत्रिक कारण नव्हते. कामावरचा ताबा कारखान्याच्या जमिनीवरून कार्यालयातल्या टेबलाकडे नेण्याची व्यवस्थापनाची इच्छाही होती. विमानांचे अवघड आकार हाताने नोंदवणे कठीण होते, हेही खरेच. तरी नोबलचा मुद्दा आम्हाला वजनदार वाटतो. ज्ञान यंत्रात गेले असे आपण म्हणतो, तेव्हा कुणाचे गेले आणि कुणाला विचारून, हा प्रश्न उरतोच ना?

आता आपल्या श्रोत्याच्या जाळीकडे येऊ. समजा, दोन धारांचे पाते मिनिटाला १८,००० फेरे घेते आणि मिनिटाला ५,४०० मिलिमीटर पुढे सरकते. तर प्रत्येक धार दर वेळी ०.१५ मिलिमीटर लाकूड उचलते. नवख्याला वाटते, जपून हळू चालवावे. होते उलटेच! फेरे तेच ठेवून पुढे सरकणे फार मंद केले, की धार कापायचे सोडून घासू लागते, पाते तापते, लाकूड करपते आणि धारही जाते. भुशाबरोबर उष्णता बाहेर पडत असते. भुसा पिठासारखा बारीक झाला की काहीतरी बिघडले. आम्ही पाहिलेल्या एका वर्कशॉपमधला ऑपरेटर स्क्रीनकडे क्वचितच बघे. आवाज बदलला की त्याचा हात आपोआप वेगाच्या बटणाकडे जाई. “कसं कळलं?” असे विचारल्यावर म्हणाला, “रडायला लागतं ना ते.” मायकेल पोलान्यी म्हणत असे की आपल्याला सांगता येते त्याहून अधिक आपण जाणत असतो. तो यालाच अव्यक्त ज्ञान म्हणतो.

आणि कोपरा. पाते गोल फिरते, त्यामुळे सहा मिलिमीटरच्या पात्याने चौकोनी खाच कापली, तर आतले चारही कोपरे तीन मिलिमीटर त्रिज्येचे गोल राहतात. प्रोग्राम कितीही हुशार असू द्या, उभ्या पात्याला तिथे काटकोन काढताच येत नाही. मग दोन उपाय. एक, कोपऱ्यात पाते थोडे पलीकडे नेऊन छोटा कान काढायचा, म्हणजे चौकोनी तुकडा आत बसतो. दुसरा, पटाशी घ्यायची आणि हाताने कोपरा साफ करायचा.

डेव्हिड पाय हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवणारा फर्निचर रचनाकार. १९६८ साली त्याने कारागिरीचे दोन प्रकार सांगितले: जोखमीची आणि खात्रीची. जोखमीच्या कामात शेवटच्या क्षणापर्यंत वस्तू बिघडू शकते. खात्रीच्या कामात निकाल आधीच ठरलेला असतो. सीएनसी खात्रीच्या बाजूला, पटाशी जोखमीच्या. पण राउटरवर खात्री मिळते कशामुळे? बरीचशी एमडीएफमुळे! त्यात रेषे नाहीत, गाठ नाही, सगळीकडे सारखेच. सागवानाची फळी ठेवून बघा. रेषा कुठे फिरली आहे, कोणत्या बाजूने कापले तर कड उपटून येईल, हे आकड्यांच्या त्या मजकुरात नसते. ते फळी निवडणाऱ्या आणि ती कशी ठेवायची हे ठरवणाऱ्या माणसाला बघावे लागते. तेव्हा यंत्र सुतारासारखे झाले असे म्हणण्यापेक्षा, आपण लाकूडच यंत्राच्या सोयीचे करून घेतले, असे म्हणणे जास्त बरोबर.

मग टेक्ने कुणाकडे? ॲरिस्टॉटलची कसोटी ‘का’ची आहे. तासाभरात शंभर जाळ्यांचा हिशेब करणाऱ्या यंत्राला, अमुकच वेग का, हे विचारून उपयोग नाही. ते कुणीतरी आधी ठरवलेले असते. त्या ‘का’चा एक तुकडा प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे आहे, एक आवाज ऐकणाऱ्याकडे, एक सागाची फळी पारखणाऱ्याकडे. पूर्वी हे तिन्ही एकाच सुतारात असायचे, आणि मजुरी ठरवताना त्याला ते तिन्ही दाखवता यायचे. आज ऑपरेटरला पगार मिळतो तो बटण दाबण्याचा.