सेवेच्या धावपळीत सेवकाचा आत्मा

इ. स. ११४५ साली पोपपदी निवडून आलेले युजीन तिसरे हे मूळचे मठवासी होते. फ्रान्समधील क्लेअरव्हो येथील मठात संत बर्नार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रार्थनेचे व मौनाचे धडे घेतले होते. पोप झाल्यावर मात्र त्यांच्या भोवती सकाळपासून रात्रीपर्यंत दावे, तक्रारी आणि गाऱ्हाणी यांचा वेढा पडला. शिष्याची ही अवस्था पाहून चिंतित झालेल्या बर्नार्ड यांनी त्यांच्यासाठी लॅटिन भाषेत चिंतनाविषयी पाच भागांचा एक ग्रंथ लिहिला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २० ऑगस्ट २००६ रोजी, संत बर्नार्ड यांच्या स्मृतिदिनी, याच ग्रंथाचा आधार घेऊन अतिकामाच्या धोक्याविषयी सर्वांना सावध केले होते.

खरा धोका कोणता?

बर्नार्ड यांना पोप महोदयांच्या शारीरिक थकव्याची फारशी भीती वाटत नव्हती. थकलेला माणूस विश्रांतीने ताजातवाना होतो. त्यांना भीती होती ती अंतःकरण कठीण होण्याची. कामाचा भार प्रथम असह्य वाटतो, मग त्याची सवय होते, पुढे तो हलका वाटू लागतो आणि शेवटी तो आवडूही लागतो. प्रार्थना सुटल्याचे दुःख ज्याला होते, त्याच्या मनात अजून ओलावा आहे. ज्याला ते दुःखही होत नाही, त्याचे दुखणे गंभीर आहे, कारण कठीण झालेल्या अंतःकरणाला स्वतःचे काठिण्य कळत नाही.

आपल्या धर्मग्रामातही ही लक्षणे ओळखता येतात. धर्मगुरू पवित्र शास्त्र उघडतात ते केवळ रविवारच्या प्रवचनाचा मुद्दा शोधण्यासाठी. गायनवृंदाचे प्रमुख संपूर्ण मिस्साभर सूर सांभाळतात, परंतु प्रार्थना करण्याचे राहून जाते. धर्मशिक्षिका मुलांना क्षमेचा पाठ शिकवतात आणि क्षुल्लक चुकीवरून त्यांच्यावरच रागावतात. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसलेल्या कार्यकर्त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. कामे सर्व होतात, अहवालही चांगला लिहिला जातो. मात्र ज्या गरिबासाठी व दुःखितासाठी हा खटाटोप चालतो, त्याला सेवकाच्या हातांचा स्पर्श होतो, हृदयाचा होत नाही. म्हणून सेवकाचे आध्यात्मिक आरोग्य ही त्याची खाजगी बाब नव्हे. त्याच्या उपासमारीची झळ इतरांनाही पोहोचते.

तळे आणि पाट

यावर बर्नार्ड यांनी दिलेले उत्तर साधे आहे. तुम्ही सर्वांचे आहात, तर त्या सर्वांमध्ये तुम्ही स्वतःही एक आहात. सर्वांना तुमचा वेळ मिळतो, मग तुम्हालाच तो का नाकारला जावा? म्हणून चिंतनाची सुरुवात स्वतःपासून करावी, असे ते सुचवतात. शलमोनाच्या गीतरत्नावरील एका प्रवचनात त्यांनी तळे आणि पाट यांची तुलना केली आहे. पाटात आलेले पाणी लगेच वाहून जाते. तळे आधी भरते आणि मग आपले काही न गमावता भरून वाहते. वसईच्या वाडीतील बावखल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही. बावखलात पाणी साठलेच नाही, तर वाडी शिंपायची कशाने?

प्रभूचा आदर्श

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, कफर्णहूमात संध्याकाळी उशिरापर्यंत आजाऱ्यांना बरे केल्यावर प्रभू येशू पहाटेच्या अंधारात एकांती जाऊन प्रार्थना करतो. सगळे लोक त्याला शोधत असल्याचा निरोप शिष्य आणतात, तेव्हा तो माघारी न जाता पुढील गावांकडे निघतो. प्रार्थनेमुळे केवळ कामाची शक्ती लाभते असे नव्हे. कोणते काम आपले व कोणते आपले नव्हे, हा विवेकही लाभतो. उलट सहाव्या अध्यायात तो थकलेल्या शिष्यांना विश्रांतीसाठी एकांती नेतो, परंतु तेथे लोकसमुदाय आधीच येऊन पोहोचलेला दिसताच त्याला त्यांचा कळवळा येतो. एकांत हा लोकांपासून पळण्याचा मार्ग नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील सहाव्या अध्यायात प्रेषितांनी अन्नवाटपासाठी सात जणांची नेमणूक केली, तीही प्रार्थना व वचनसेवा यांसाठी वेळ मोकळा राहावा म्हणूनच.

काय करावे?

ख्रिस्तसभेने या गोष्टी व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. १९८३ च्या धर्मनियमसंहितेने धर्मगुरूंना तपसाधनेचे बंधन घातले आहे, तर व्रतस्थांना ती दरवर्षी करण्यास सांगितले आहे. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या आदेशानुसार त्यांच्या कार्याची फलप्राप्ती ख्रिस्ताशी असलेल्या ऐक्यावर अवलंबून आहे. कोलकात्याच्या संत मदर तेरेजा यांच्या भगिनींनी १९७३ पासून रोज एक तास पवित्र साक्रामेंताची आराधना सुरू केली. मरणोन्मुखांची सेवा करणाऱ्या त्या भगिनींना कामे कमी होती, असे कोण म्हणेल?

प्रत्येकाला एक तास जमेल असे नाही. परंतु दिवसातील पंधरा मिनिटे ठरलेल्या वेळी प्रभूसाठी राखून ठेवावीत. रात्री दिवसभरातील एका प्रसंगाचे आत्मपरीक्षण करावे. नियमितपणे प्रायश्चित्त संस्कार स्वीकारावा. आपल्याकडील एक जबाबदारी दुसऱ्या योग्य व्यक्तीच्या हाती सोपवावी. नवीन पद स्वीकारण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, कारण आपल्या कोरडेपणाची चाहूल त्यांना सर्वांत आधी लागते.

संत बर्नार्ड यांनी हा उपदेश निवांत बसून केलेला नव्हता. प्रवास, प्रवचने, तंटे मिटवणे आणि पत्रव्यवहार यांत ते स्वतः आकंठ बुडालेले असत, व त्याची खंत त्यांनी पत्रांतून व्यक्त केली आहे. गुरू व शिष्य दोघेही ११५३ साली अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने प्रभूकडे गेले. तोवर दोघांचीही कामे संपली नव्हती. आपलीही संपणार नाहीत. म्हणून ती संपण्याची वाट न पाहता आजच प्रभूच्या चरणांशी बसू या.