झोप आणि तरुणांचे वजन

तरुण मुलाचे वजन वाढू लागले की आपण त्याच्या ताटाकडे पाहतो. अंथरुणाकडे आपले लक्ष जात नाही. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास निजू दिले. दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत तृप्ती कळविणारा लेप्टिन हा अंतःस्राव १८ टक्क्यांनी घटला, भूक चेतविणारा घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढला. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ साली तेथील संशोधकांना आढळले की, वजन जास्त व झोप कमी असलेल्या २१ ते ४० वयाच्या माणसांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढताच त्यांचे खाणे, पथ्य न सांगताही, रोज सुमारे २७० कॅलरींनी उतरले. तेव्हा मुलाच्या ताटातली पोळी काढण्याआधी आपण त्याच्या खोलीतला दिवा वेळेवर मालवू या.